टेबलाचा पाव

खमिराची बरणी मळायच्या टेबलाच्या मधोमध ठेवली होती आणि तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

शनिवारचे दोन वाजून गेले होते. शेवटचे साचे निघाले होते, पाव फळ्यांवर निवत होते. दुकानात गिऱ्हाईक आलं तर घंटा ऐकू यावी म्हणून बाबांनी मधलं दार उघडं ठेवलं होतं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते धाकटीला माहीत होतं: उठून जायला निमित्त हाताशी असावं. आई गेल्यापासून बाबा प्रत्येक खोलीत दाराजवळच बसत.

"पीठ आत्ता मळलं तरच रात्रीपर्यंत फुगेल," धाकटी म्हणाली. "नाहीतर उद्या पुन्हा तो पिशवीतला पाव."

मागच्या महिन्यात आईला जाऊन अकराच दिवस झाले होते, म्हणून प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी कुठल्याशा दुकानातून पाव विकत आणला होता. कापलेला, पिशवीत बांधलेला. बाबांनी तो चर्चमध्ये टेबलावर पाहिला आणि घरी येऊन दिवसभर तोंड उघडलं नाही. 'दादा आज वहिनींसाठी रडतोय की त्या पावासाठी, कळायला मार्ग नाही,' असं काका धाकटीला म्हणाले होते, आणि आई गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली होती.

प्रभुभोजनासाठीच्या पावाला घरात टेबलाचा पाव म्हणत. महिन्यातून एकदा, एकच. लग्न होऊन या बेकरीत आल्यापासून आईनं तो दुसऱ्या कोणाला करू दिला नव्हता.

"माझं म्हणणं सरळ आहे," धाकटी म्हणाली. "काकांनी करावा. इतकी वर्षं आईच्या शेजारी उभं राहून बाकीचे पाव तेच मळत आलेत. माझा पाव फुगतो पण त्याला चव नसते. बाबा म्हणतात, डोक्याखाली घ्यायला बरा."

"असं मी एकदाच म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

"एकदा पुरतं, बाबा."

थोरली खिडकीपाशी उभी होती. दुसऱ्या शहरातून ती सकाळच्या गाडीनं आली होती आणि स्टेशनपासून चालत. तिथे ती कमी ऐकू येणाऱ्या लोकांना यंत्रं बसवून देण्याचं काम करी. आल्यापासून ती फारसं बोलली नव्हती. धाकटीला वाटलं, ताईनं आता तरी आपल्या बाजूनं एक शब्द टाकावा. ताई खिडकीची कडी नखानं खरवडत राहिली.

आणि मग मावशी म्हणाली, "त्या हातांनी?"

*

मावशीला हे बोलायचं नव्हतं. निदान आज, पाळकसाहेबांसमोर, नव्हतं बोलायचं. पण शिवणकाम करणाऱ्या बाईची एक खोड असते: उसवलेली शिवण दिसली की ती बोटानं पुढे ओढून बघते, किती उसवली आहे ते.

"कोणाला आवडो न आवडो, मी बोलणार," ती म्हणाली. गळ्यातली मोजपट्टी तिनं काढून मांडीवर गुंडाळायला घेतली. "सहा वर्षांच्या पोराला पट्टा न लावता पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी चालवताना डुलकी काढली. हे मी नाही म्हणत. पोलिसांना यानं स्वतः सांगितलंय. सात महिने आत राहून आला. ते पोर माझ्या मांडीवर वाढलं होतं, भाऊजी."

पोराला, दोघी बहिणींच्या या भावाला, सगळे भोंग्या म्हणायचे. पावाच्या गाडीतून फिरताना प्रत्येक दुकानासमोर तो तोंडानं भोंगा वाजवायचा, खऱ्यापेक्षा मोठा. त्या अपघातात तो गेल्याला एकोणीस वर्षं झाली होती. ते नाव आत्ताही कोणी घेतलं नाही.

"तिचं बरोबर आहे," काका म्हणाले. भट्टीच्या दारापाशी ते लांब दांड्याचं फावडं पुसत उभे होते. "मी नाही करणार. तो विषयच नको."

"तुम्ही ना, काका," धाकटी उसळली. "कोणी एका गालावर मारलं की दुसरा तयारच. तिसरा असता तर तोही दिला असता."

"तिसरा नाही म्हणून तर बरं चाललंय."

"चेष्टा सुचते तुम्हाला," मावशी म्हणाली. काकांकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं. एकोणीस वर्षांत तिनं त्यांच्याशी थेट एक शब्द काढला नव्हता. "माझी अक्का दर महिन्याला तो पाव करायची, रुमालात गुंडाळून स्वतः चर्चमध्ये न्यायची, टेबलावर ठेवायची आणि येऊन बाकावर बसायची. सगळी मंडळी पुढे जायची. ती जायची नाही. एकोणीस वर्षांत तिनं त्याचा एक तुकडा तोंडात घातला नाही. का? शेवटच्या बाकावर हा बसलेला असायचा म्हणून. ज्याला क्षमा करता येत नाही त्याच्या डोळ्यांदेखत माणूस जेवेल कसं? मी तिच्या शेजारी बसायचे. मला विचारा."

काकांनी फावडं भिंतीला टेकवलं. ते घसरून पडलं. त्यांनी उचललं, पुन्हा टेकवलं.

उद्याच्या पावाचं विचारायला आलेले पाळकसाहेब पिठाच्या पोत्यावर बसले होते. पाळक होण्याआधी ते टपाल वाटायचे, आणि अजूनही काही सांगायचं झालं की पाकीट हातात दिल्यासारखे थांबत. आता ते तसे थांबले.

"ती यांच्यामुळे बसून राहायची, हे खरं," ते म्हणाले. "पण तुम्ही समजता तसं नाही."

"मग कसं?"

"तिनं मला सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. म्हणाली, 'दीर त्या टेबलापाशी येत नाहीत. आमच्या घरातला एक माणूस बाहेर ठेवून मी आत जेवायला कशी बसू? ते आले की मी येईन.' मी म्हटलं, त्यांना तसं सांगतो. तर म्हणाली, 'सांगायचं नाही. ओढून आणलेला माणूस पंगतीत बसूनही उपाशीच राहतो.' मला शब्द द्यायला लावला. ती गेली. आता तो शब्द मी कोणासाठी पाळू?"

मोजपट्टीची गुंडाळी मावशीच्या हातातून सुटली आणि फरशीवर लांबवर उलगडत गेली. तिला आठवलं, दर वेळी अक्का मान वळवून मागे बघायची. मावशी तिचा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, बघू नकोस त्याच्याकडे. अक्का म्हणायची, बरं.

"आणि हे का येत नव्हते?" मावशीनं विचारलं. "यांना कोणी अडवलं होतं?"

काका म्हणाले, "ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे आधी जा, समेट कर, मग देवापुढे ये, लहानपणापासून ऐकत आलोय आपण. माझं वहिनींशी एक बाकी राहिलं होतं. ते बोलता येण्यासारखं नव्हतं. तर कसा येणार?"

"काय बाकी राहिलं होतं?" बाबांनी विचारलं.

"राहू दे, दादा. ज्यांना सांगायचं होतं त्या गेल्या."

*

थोरलीला कळलं की आता बोललं नाही तर ती कधीच बोलणार नाही.

तेरा वर्षांची असताना, रुग्णालयात, हाताला प्लास्टर घातलेलं असताना, तिनं देवाजवळ एकच मागणं मागितलं होतं: हे कोणाला कळू देऊ नकोस. त्यानंतर तिनं पुष्कळ काही मागितलं, परीक्षा, झोप, एक माणूस, आईचं दुखणं हटावं म्हणून. तिची एवढी एकच प्रार्थना शब्दन् शब्द ऐकली गेली होती. लोकांना वाटतं प्रार्थना ऐकली गेली नाही की माणसाचा विश्वास उडतो. तिचा उडाला होता तो ऐकली गेली म्हणून. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. आणि रोज एक दिवस उशीर झालेला असायचा. तेरा वर्षांच्या मुलीनं सांगणं वेगळं, विशीतल्या बाईनं सांगणं वेगळं, आणि बत्तीस वर्षांच्या बाईनं सांगायचं तर गप्प राहिलेल्या प्रत्येक वर्षाचा हिशेब आधी द्यायला हवा होता. गाडीत बसायची वेळ आली तर ती पट्टा लावून तो दोन्ही हातांनी धरून बसायची. सोबतचे लोक म्हणत, गाडी लागते वाटतं तुम्हाला. ती म्हणायची, हो.

"काकांनी डुलकी काढली नव्हती," ती म्हणाली.

"पोरी," काका म्हणाले. "गप्प बस."

"आणि पट्टा त्यांनी लावला होता."

"मी सांगतोय ना. नको."

"तुम्ही पुरेसं सांगितलंत, काका." तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा साधा निघाला. "भोंग्या मध्ये बसला होता, मी खिडकीशी. त्याच्या हातातला बन खाली पडला, सीटखाली गेला. तो रडायला लागला. मी म्हटलं, दुकान आल्यावर देते. तो ऐकेना. मला पुस्तक वाचायचं होतं. मी त्याचा पट्टा काढला आणि म्हटलं, जा, घे तुझा तू. आणि मी पुस्तकात बघत होते."

धाकटीचा हात तोंडावर गेला होता.

"काकांना ते माहीत होतं. पोलीस आले तेव्हा मी शेजारच्या खाटेवर होते. पोलिसांनी विचारलं, पट्टा कोणी काढला? काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, काढला नाही, मी लावलाच नव्हता. मी काही बोलले नाही. नंतरही नाही. ते आत गेले तेव्हाही नाही. आईच्या आणि त्यांच्या मध्ये जे बाकी राहिलं होतं, ते मी होते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बरणीकडे बघत होते.

पुढच्या दुकानात घंटा वाजली. बाबा उठले आणि बाहेर गेले.

*

गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरचा चष्मेवाला होता. "एक मोठा पाव, कापून," तो म्हणाला. बाबांनी पाव कापायच्या यंत्रात ठेवला, झाकण लावलं आणि उभे राहिले.

"कळ दाबायची राहिली," चष्मेवाला म्हणाला.

बाबांनी कळ दाबली. पाती वरखाली झाली. सात महिने, बाबांच्या मनात आलं. ते तुरुंगाच्या दारापर्यंत एकदा गेले होते. आत गेले नव्हते. बाहेर बाकावर बसून डब्यातला पाव त्यांनी स्वतः खाल्ला होता आणि घरी येऊन बायकोला सांगितलं होतं, भेटलो, बरा आहे. तिला ते खोटं कळलं होतं की नाही, हे आता विचारता येणार नव्हतं. तिनं तेव्हा फक्त डबा घासायला घेतला होता.

"तब्येत बरी आहे ना?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"बरी आहे," बाबा म्हणाले. "घरात माणसं आहेत, एवढंच."

पाव हातात घेऊन माणूस गेला. बाबा रिकाम्या दुकानात उभे राहिले. मुलीवर राग यावा असं त्यांना वाटत होतं. तो येऊन गेला असता तर पुढचं सोपं झालं असतं. राग येत होता, पण तो तेरा वर्षांच्या मुलीपर्यंत पोचत होता आणि तिथे त्याला हात उगारता येत नव्हता. मग तो उरलेल्या वर्षांवर येत होता. त्या वर्षांत तर सगळेच होते.

ते आत आले तेव्हा मावशी डोळे पुसत होती आणि त्याचा तिला राग येत होता.

"मग मी इतकी वर्षं कोणावर धुमसत होते?" ती पाळकसाहेबांना विचारत होती. "एवढं सगळं साठवून ठेवलंय. ते आता कुठे नेऊन टाकू?"

"ते टेबलापाशी नेता येतं," पाळकसाहेब म्हणाले. "तिथे याहून वाईट वस्तू लोकांनी ठेवल्या आहेत."

बाबा भावासमोर जाऊन उभे राहिले. "मी तुला भेटायला आलो नव्हतो," ते म्हणाले.

"आला होतास. दारापर्यंत. पहारेकऱ्यानं सांगितलं मला."

बाबांची मान खाली गेली. मग ते थोरलीकडे वळले. "मला आत्ता काही बोलता येत नाही. वेळ लागेल. तू रात्रीच्या गाडीनं पळून जाऊ नकोस. एवढंच."

"नाही जाणार," ती म्हणाली.

ते जिना चढून वर गेले. दार लावल्याचा आवाज आला. तो जोरात नव्हता, आणि म्हणूनच खाली कोणाला धीर आला नाही.

*

पाळकसाहेब निघाले तेव्हा थोरली त्यांच्याबरोबर मागच्या दारापर्यंत गेली.

"म्हणजे आई तशीच गेली," ती म्हणाली. "उपाशी. माझ्यामुळे."

त्यांनी टोपीवर बसलेलं पीठ झटकलं. "शेवटच्या आठवड्यात मी रुग्णालयात प्रभुभोजनाची भाकर घेऊन गेलो होतो. तिनं हातानं बाजूला केली. म्हणाली, 'दोघांचं एकदमच द्या.' खोटं कशाला बोलू, मला राग आला. वाटलं, हा कसला हट्ट, मरणाच्या दारात. घरी येताना चालत होतो आणि आठवलं, त्या शेवटच्या जेवणात प्रभूनंही प्याला खाली ठेवला आणि शिष्यांना म्हणाला, आता हा तुमच्याबरोबरच पुन्हा घेईन, बापाच्या राज्यात, तोवर नाही. म्हणजे तुझ्या आईच्या आधी एकजण थांबलेलाच आहे. ती उपाशी असेल तर त्याच्या शेजारी बसून उपाशी आहे. याच्यानं तुझं दुखणं कमी होईल असं मी म्हणत नाही. ती एकटी नव्हती, एवढं मला खात्रीनं सांगता येतं."

"आणि मी?"

"तू आत्ता दार उघडलंस. आत यायला वेळ घे हवा तर. दार कोणी लावणार नाही."

ते टपालवाल्याच्या जुन्या झपझप चालीनं गल्लीतून गेले.

*

काकांनी बरणीचं झाकण काढलं आणि वास घेतला. खमीर जिवंत होतं. इतके दिवस धाकटी त्याला गुपचूप पीठ आणि पाणी घालत आली होती. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

थोरली परत आली. बाह्या दुमडून ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली. "मी मळते," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

"कधी मळलंयस?"

"नाही."

"मग देवाची आणि मंडळीच्या दातांची परीक्षा आहे उद्या."

त्यांनी पीठ ओतलं, मध्ये खळगा केला, त्यात खमीर आणि पाणी घातलं. ती मळायला लागली. चुकीचं मळत होती, बोटांनी. पीठ तळहाताच्या टाचेनं ढकलायचं असतं. त्यांनी आपला हात तिच्या हातावर ठेवून दाखवलं. त्यांना बोलायला हाताला काम लागत असे, तोंडासमोर तोंड असलं की ते फक्त विनोद करू शकत.

"तुला अर्धंच माहीत आहे," ते म्हणाले. "पट्टा निघाला तेव्हा मला आवाज ऐकू आला. कट् असा. मी खाली वळून पाहिलं. 'लाव तो' म्हणायला तोंड उघडलं. पुढचा ट्रक थांबला तो मला दिसला नाही, कारण मी पट्ट्याकडे बघत होतो. गाडी बाजूला घेऊन मग ओरडायचं असतं. बारा वर्षं गाडी चालवत होतो मी, एवढं मला कळायला हवं होतं."

तिचे हात थांबले.

"मळत राहा. पीठ थांबत नाही आपल्यासाठी." ते बाजूला बघत होते. "पोलिसांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशाकडे बघत होतास? म्हणून डुलकी. डुलकीला कोणी पुढचं विचारत नाही. मला वाटलं, तुझ्यावरचं ओझं घेतोय. ओझं घेतलं तर ते हलकं व्हायला हवं ना? ते दुप्पट झालं. तुझं तुझ्यापाशीच राहिलं, माझं माझ्यापाशी, आणि तिसरं वहिनींनी उचललं. माणसानं दुसऱ्याचं पाप उचलायला जाऊ नये. ते एकालाच जमलं. त्यानं खोटं न बोलता केलं."

"तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत?"

"रागावलो की. पहिल्या वर्षी फार. मग तू सुट्टीत घरी येणं बंद केलंस तेव्हा जास्त. तू आलीस की वहिनी हसायच्या." त्यांनी हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं, तिथे पीठ लागलं. "रस्त्याकडे बघायचं काम माझं होतं, पोरी. तेरा वर्षांच्या मुलीचं नव्हतं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याची क्षमा कर."

ती रडली ती मळता मळताच. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या मनात आलं की आपण एकोणीस वर्षांत प्रार्थना केली नाही असं समजत होतो, पण रोज पहाटे या टेबलापाशी उभं राहून जे पुटपुटत होतो ते दुसरं काय होतं. तेच त्यांनी आत्ता मोठ्यानं म्हटलं, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "प्रभू, हे घे. आम्हाला पेलत नाही."

थोरलीनं थोड्या वेळानं, कोणाला तरी बोलायला शिकवावं तसं सावकाश, "आमेन" म्हटलं.

*

रविवारी सकाळी बाबा घरात नव्हते. त्यांचा कोट खुंटीवर नव्हता, चहाचा कप घासून उपडा घातलेला होता. धाकटी म्हणाली, फिरायला गेले असतील.

थोरलीनं पाव रुमालात गुंडाळून नेला आणि टेबलावर ठेवला. एका बाजूला जरा बसका झाला होता. वळली तेव्हा तिला बाबा दिसले. ते शेवटच्या बाकावर बसले होते, एकटे, जिथे काका बसायचे तिथे. मांडीवर कोट होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

गीत झालं. वचन वाचून झालं. पाळकसाहेबांनी पाव हातात घेऊन आभार मानले, आणि घराघरानं लोक उठून पुढे जाऊ लागले. या मंडळीत कोणी आपल्या हातानं भाकर घेत नसे. ओळीत उभं राहायचं आणि आपल्याला मिळाली की शेजाऱ्याला मोडून द्यायची. त्यांच्या बाकाची पाळी आली. काका उठले. मागे किती माना वळल्या ते थोरलीला न बघता कळलं. मावशी उठली, धाकटी उठली.

थोरली उठली नाही.

"ताई, चल," धाकटी कुजबुजली.

"बाबा बसलेत."

"ते येतील पुढच्या महिन्यात. पाळकसाहेब थांबलेत बघ."

"तू जा. मी त्यांच्याबरोबर येईन."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे भावाकडे. आणि हातातली टोपी बाकावर ठेवून ते पुन्हा खाली बसले. मावशी उभीच राहिली. ती शिवणकाम करणारी बाई होती, अर्धवट काम तिला बघवत नसे. पण जरा वेळानं तीही बसली, बाकाचं लाकूड करकरलं. शेवटी धाकटी बसली. पाळकसाहेब पाव हातात घेऊन टेबलामागे उभे होते. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. सबंध चर्च गप्प होतं, एक तान्हं मूल सोडून.

मागे बाक सरकला. मधल्या वाटेनं पावलं आली, घाई नसलेली, आणि त्यांच्या बाकाशी थांबली.

"आता काय," बाबा हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही सगळे आणखी एकोणीस वर्षं बसणार का?"

"तुम्ही बसलात तर," थोरली म्हणाली.

त्यांचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. ते तिच्याकडे बघत राहिले, अगदी पूर्ण, आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच. "मी रागावलेलो आहे," ते म्हणाले. "अजून. तुला ते माहीत असावं."

"हो."

"तरी चालतं का इथे?" हा प्रश्न पाळकसाहेबांना होता.

"चालतं," पाळकसाहेब म्हणाले. "खरं सांगून आलेल्याला कोणी परत पाठवत नाही."

ते पाचजण ओळीत उभे राहिले: मावशी, काका, धाकटी, थोरली, बाबा. मावशीनं आपला तुकडा खाल्ला. मग पाव हातात घेऊन ती काकांकडे वळली. तिला मोडायला वेळ लागला. तुकडा फार मोठा निघाला, अर्ध्या जेवणाएवढा.

"घ्या," ती म्हणाली.

काकांनी दोन्ही हातांनी घेतला. ते चावत राहिले, डोळे मिटून, बराच वेळ. मग धाकटीला मोडून देताना तिच्या कानाशी म्हणाले, "मीठ कमी पडलंय."

"गप्प बसा, काका," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

धाकटीनं थोरलीला दिला. थोरलीनं खाल्ला. मग उरलेला पाव घेऊन ती वडिलांसमोर वळली. तो भाग कडेचा होता, चिवट; तिनं पीठ गरजेपेक्षा जास्त घट्ट मळलं होतं. तिनं बोटं रुतवली, पिळलं. तुटेना. सगळे बघत होते.

बाबांनी हात पुढे केला. तळवा पसरला नाही. त्यांनी पावाचं दुसरं टोक पकडलं.

"ओढ," ते म्हणाले.

दोघांनी ओढला. पाव वेडावाकडा तुटला, चुरा खाली सांडला. बाबांनी आपल्या हातात आलेला तुकडा उलटापालटा करून पाहिला, भट्टीतून निघालेला कुठलाही पाव ते पाहत तसा, आणि खाल्ला.